गोल मार्ग आणि परतीचा पाऊस: मसाई पठारावरच्या एका सायकल राइडचा अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या सायकलवाल्यांना पन्हाळा नवा नाही. शिवाजी पूल ओलांडायचा, केर्ली, वाघबीळ, मग घाट. जाताना वीसेक किलोमीटर, येताना तेवढेच, आणि उतारावर पाय हलवायचीही गरज नाही. शहरातून गडापर्यंत चढण साधारण चारशे मीटरची. रविवारी पहाटे या रस्त्यावर हेल्मेटांची रांग लागते. हळूहळू त्याचाही कंटाळा येतो आणि कुणाच्या तरी डोक्यात येतं, गडाच्या पलीकडं काय आहे?

पलीकडं मसाई पठार आहे. एकच सलग माळ नाही. लहानमोठी पठारं अरुंद खिंडींनी एकमेकांना जोडलेली, पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरत गेलेली. वर जांभा, त्यावर इंच-दोन इंच माती, आणि पावसाळा संपता संपता त्या मातीत गेंद, सीतेची आसवं, सोनकी, तेरडा. झाड जवळजवळ नाहीच. 1660 च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले ते याच माळावरून, त्यामुळं दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांची इथं रीघ असते.

या प्रकरणातल्या गटानं पन्हाळा आणि पठार जोडून एक गोल मार्ग आखला होता: कोल्हापूर, पन्हाळा, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई देवीचं मंदिर, पठाराचं पश्चिम टोक, तिथून दक्षिणेला कासारीच्या खोऱ्यात उतरून बाजारभोगाव, कळे, आणि गगनबावडा रस्त्यानं बालिंगे-फुलेवाडीवरून घरी. सगळं मिळून ऐंशी किलोमीटरच्या आत. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

मी गटातल्या सगळ्यांशी बोललो, दोघांच्या घड्याळांतलं जीपीएस रेकॉर्ड पाहिलं, आणि त्यावरून हे लिहिलं आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शेवटी ज्या वाडीनं आसरा दिला तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

माणसं आणि सायकली

एकूण सात जण. गटप्रमुख बँकेत नोकरीला. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या मुदतीत आरामात पूर्ण केलेला. एक शिक्षिका, गटातल्या सगळ्यांच्या ताई. एक दंतवैद्य. शिरोलीत फौंड्रीचा धंदा असलेले एक गृहस्थ. इंजिनिअरिंगची दोन पोरं. आणि सगळ्यांत मागं राहायला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका, ज्यांच्या पिशवीत पाना-पक्कडीपासून सुई-दोऱ्यापर्यंत सगळं असतं.

सायकली तीन जातीच्या. गटप्रमुख, ताई आणि काका यांच्याकडं जाड टायरच्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. दंतवैद्य आणि फौंड्रीवाल्यांकडं या दोन्हींच्या मधल्या, हायब्रिड. पोरांकडं बारीक टायरच्या, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या सायकली, त्यातली एक मित्राकडून मागून आणलेली. निघण्यापूर्वी याबद्दल कुणी काही बोललं नाही. डांबरावर सायकलींतला असा फरक पाच-दहा मिनिटांचा असतो आणि वरच्या चहाला सगळे एकत्र येतात. पठारावर तो तासांत मोजावा लागतो.

अडचण कशी वाढत गेली

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. फुलं अजून होती, वाटा वाळायला लागल्या होत्या, सकाळी आभाळ स्वच्छ. ठरलेलं वेळापत्रक असं: पावणेसहाला शिवाजी पूल, साडेसातला पन्हाळा, सव्वानऊला मंदिर, अकराला पश्चिम टोक, बाराला खाली डांबरी रस्ता, अडीचला घर.

प्रत्यक्षात पूल सोडायलाच 6:35 झाले. मागून आणलेल्या सायकलीची मागची ट्यूब रात्रीत बसली होती. पुढं मिसळीचा आग्रह झाला, आणि कोल्हापुरात मिसळीला नाही म्हणायचं धाडस कुणात नसतं. घाटात फौंड्रीवाले मागं पडले. गडावर पोहोचले 9:20 ला, निघाले 10:15 ला. म्हाळुंग्यापुढं वाट कच्ची झाली तशी पोरांना सायकली ढकलाव्या लागल्या. मंदिर आलं 11:50 ला, म्हणजे ठरल्यापेक्षा अडीच तासांहून अधिक उशिरा.

यातला एकही उशीर वेगळा काढला तर दोष देण्यासारखा नाही. पण सगळे उशीर दिवसाच्या एकाच टोकाला जाऊन साठले. ऑक्टोबरमध्ये घाटमाथ्यावर सकाळचं ऊन जमीन तापवतं, हवेत ओल शिल्लक असते, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग उभे राहतात. परतीचा पाऊस जुलैसारखा दिवसभर रिमझिमत नाही. तासाभरात येतो, कडकडाट करतो, जातो. पन्हाळ्यातल्या टपरीत तो मजेचा. झाड नसलेल्या पठारावर सायकल धरून उभा असलेला माणूस हीच त्या माळावरची सगळ्यांत उंच वस्तू असते.

वेळापत्रक आखताना गटप्रमुखानं दुपारच्या पावसाचा विचार केला होता. म्हणूनच तर अकराला पश्चिम टोक धरलं होतं. फक्त वेळ हुकली तर काय करायचं ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

पहिला निर्णय: मंदिराशी

मंदिराजवळ गुरं राखणारे एक मामा भेटले. काकांनी तंबाखूची चंची पुढं केली आणि वाटेची चौकशी केली. मामांचं उत्तर तिघांच्या आठवणीत जवळजवळ शब्दशः सारखं आहे: "खाली उतरायची पायवाट हाय, पर सायकल खांद्यावर घ्यायला लागंल. आन् दोनच्या आत उतरा. आज वर थांबू नका."

इथं गटापुढं चार वाटा होत्या.

ठरल्याप्रमाणं पुढं जायचं. अंतर थोडं, पण वाट अनोळखी. गटप्रमुखाच्या फोनमधली जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर मार्गाची रेघ दाखवणारी फाइल, तीन तुकडे जोडून बनवलेली होती: डांबराचा भाग त्याच्या स्वतःच्या राइडचा, मंदिरापर्यंतचा एका मोटरसायकलवाल्याचा, आणि पठारावरून खाली उतरायचा तुकडा कुणा पायी चालणाऱ्याचा. नकाशावर तिन्हींची रेघ एकाच निळ्या रंगाची दिसते.

आल्या वाटेनं पन्हाळ्याला परतायचं. वाट ओळखीची, पुढं सगळा उतार. दीडपर्यंत गडावर, चारपर्यंत घरी.

गट फोडायचा. जाड टायरवाल्या तिघांनी पुढं जायचं, बाकी चौघांनी मागं.

चौथी वाट म्हणजे मंदिराशीच थांबून संध्याकाळपर्यंत आभाळाचा अंदाज घ्यायचा. तिच्यावर कुणी फार बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराचा, अंधारात पठार उतरायचं म्हणजे दुप्पट धोका.

ताईंचं मत परत फिरायचं होतं. त्या म्हणाल्या, "मुलांना सहलीला नेते तेव्हा मी एकच बघते, सगळ्यांत हळू चालणारं पोर कुठं आहे. आपलं हळू पोर आत्ताच दमलंय." फौंड्रीवाले स्वतःच ते हळू पोर होते, आणि म्हणूनच त्यांनी जोरात पुढं जाण्याच्या बाजूनं मत दिलं. आपल्यामुळं सगळ्यांचा लूप, म्हणजे गोल मार्ग, मोडला असं त्यांना व्हायला नको होतं. पोरं म्हणाली, "दादा, इथवर आलोय तर रेटूया की." गटप्रमुखानं नकाशा पाहिला: पुढं डांबरापर्यंत बारा-तेरा किलोमीटर, मागं गडापर्यंत आठ-नऊ. "तेवढंच तर आहे," तो म्हणाला. 12:20 ला सगळे पुढं निघाले.

मला हा या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण वाटतो. पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं इथंच ठरलं. जाऊन-येऊन करायच्या राइडमध्ये परत फिरणं म्हणजे उरलेलं थोडं सोडून देणं, इतकंच. गोल मार्गावर परत फिरलं की आख्खा लूप गेला असं वाटतं. शिवाय अर्ध्याच्या आसपास आलं की पुढचं आणि मागचं अंतर सारखं दिसायला लागतं, आणि सारखं दिसलं की माणूस पुढंच जातो. गटप्रमुखानं किलोमीटर मोजले. मामांनी वेळ आणि वाट सांगितली होती. ती माहिती गटाच्या हातात होती, ऐकलीही होती, पण हिशेबात धरली नाही. बीआरएमच्या अनुभवाचा इथं तोटाच झाला असं माझं मत आहे. ज्याला दोनशे किलोमीटर सहज जमतात त्याला तेरा हा आकडा भीती घालू शकत नाही.

दुसरा निर्णय: पहिला गडगडाट

12:50 ला दंतवैद्यांच्या हायब्रिडचा मागचा टायर जांभ्याच्या धारेवर कापला. पंक्चर नव्हे, टायरची बाजूची भिंतच अंगठ्याएवढी फाटली. नवी ट्यूब घातली असती तर फाटीतून फुगा बाहेर आला असता. काकांनी फाट आतून शिवली, त्यावर चिक्कीच्या वेष्टनाची घडी लावली आणि मग ट्यूब बसवली. काम झकास झालं, तो टायर पुढं घरापर्यंत टिकला. पण त्यात पाऊण तास गेला, तोही उघड्या माळावर.

1:40 ला पश्चिमेला पहिली वीज दिसली. दंतवैद्यांनी मोजायला सुरुवात केली: वीज ते गडगडाट अठरा सेकंद. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा. वीज सहा किलोमीटरवर. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की आसरा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा जगभर वापरला जाणारा नियम त्यांना माहीत होता. आसरा कुठं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप ताईंच्या फोनमध्ये होतं, पण पठारावर रेंज तुटक होती.

आता पर्याय तीन उरले होते. मागं मंदिर चारेक किलोमीटरवर, सगळी वाट उघडी. पुढं फाइलमधली उतरण अडीच किलोमीटरवर, तीही माळावरूनच. तिसरा पर्याय काकांनी काढला. डावीकडं दोन पठारांमधली एक खिंड अर्ध्या किलोमीटरवर दिसत होती, तिथून खाली झुडपं सुरू होत होती आणि खूप खाली कौलं.

"फाइलमध्ये नाही ती वाट," गटप्रमुख म्हणाला.

"फाइल घाला खिशात," काका म्हणाले. "कौलं दिसतायत म्हणजे तिथनं माणसं वर येत असणारच."

वाद तिथंच संपला. गटप्रमुखाचं श्रेय असं की दुसऱ्यांदा त्यानं हट्ट धरला नाही. दोघांत वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून सगळे खिंडीकडं निघाले, म्हणजे वीज पडलीच तर सगळे एकदम सापडू नयेत. वाटेत एक एकटं झाड होतं. फौंड्रीवाले त्याच्याकडं वळले तसं ताईंनी त्यांना मागं बोलावलं. एकट्या झाडाखाली थांबणं उघड्यावर असण्याइतकंच वाईट, कधी त्याहून वाईट. सायकली टाकून जायचं का, हाही प्रश्न निघाला. फ्रेम वीज ओढून घेत नाही, पण धातू धरून उभं राहण्यात शहाणपण नाही. खिंडीत उतरल्यावर त्यांनी सायकली आडव्या टाकल्या, झुडपांच्या सखल पट्ट्यात पांगून बसले आणि पहिली सर अंगावर घेतली. सर्वांत जवळची वीज चार सेकंदांवर मोजली गेली.

उतरण आणि अपघात

तीनच्या सुमारास गडगडाट पूर्वेकडं सरकला. अर्धा तास थांबायला हवं होतं. ते वीस मिनिटं थांबले, कारण सगळे कुडकुडत होते आणि फौंड्रीवाल्यांचे ओठ निळसर दिसत होते. इथं मी त्यांना दोष देणार नाही. ओल्या कपड्यात वाऱ्यावर बसून राहण्यातही धोका असतो, आणि दोन धोक्यांतून एक निवडायचा तर डोळ्यांसमोरचा निवडला जातो.

पायवाट होती. मामांनी दुसऱ्या वाटेबद्दल सांगितलेलं इथंही खरं ठरलं: सायकल खांद्यावर. अर्धी वाट उतरल्यावर एक सपाट तुकडा लागला. मागून आणलेल्या सायकलीचा पोरगा तिथं सीटवर बसला. ओल्या जांभ्यावर शेवाळ, ओल्या रिमवर रबरी ब्रेक, चाक थांबलंच नाही. तो पुढं फेकला गेला आणि पडताना उजवा तळहात जमिनीवर टेकवला.

हाड मोडल्यासारखं दिसत नव्हतं. पण अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबलं की तो कळवळत होता. दंतवैद्यांनी टायरमध्ये हवा भरायच्या पंपालाच फळी करून हात बांधला आणि सांगितलं, "सूज नसली तरी फोटो काढायचाच." त्याची सायकल दुसऱ्या पोरानं घेतली. वाडी आली 4:25 ला.

पहिल्याच घरातल्या आजींनी चुलीपुढं बसवलं, कोरडी घोंगडी दिली आणि चहा टाकता टाकता विचारलं, "एवढ्या पावसात सायकली वर कशाला नेल्या रं पोरांनो? खाली रस्ता न्हाई का?" यावर सातांपैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही. वाडीतल्या एकाचा छोटा टेम्पो होता. सायकली वर रचून सगळे कळ्याला आले, तिथून पोराला घेऊन दंतवैद्य कोल्हापूरला दवाखान्यात गेले.

परिणाम

त्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ आला. पोरगं खूश झालं, पट्टी काढून जिमला जायला लागलं. पडताना तळहात टेकल्यावर मनगटातलं जे लहान हाड मोडतं, स्कॅफॉइड, त्याची चीर पहिल्या फोटोत अनेकदा दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. दुसऱ्या फोटोत चीर दिसली आणि प्लास्टर घालावं लागलं. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, दुर्लक्ष झालं तर ते अनेकदा जुळत नाही. त्यामुळं दंतवैद्यांनी पाठ धरून दुसरा फोटो काढायला लावला हे त्या पोराचं नशीब.

फौंड्रीवाले पुढच्या राइडला आले नाहीत. नंतर त्यांनी ताईंना सांगितलं की मंदिराशी त्यांना मनातून परत फिरायचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

गटाच्या नंतरच्या बैठकीत पहिली सूचना आली ती "चांगल्या सायकली आणूया" ही. ती खरी आहे, पण अपुरी. जाड टायर असते तर पाऊण तास वाचला असता. तरीही पहिल्या गडगडाटाला ते खाली पोहोचलेले नसते.

दुसरी सूचना लूप उलटा करायची. कळ्याकडून चढलं तर सायकल खांद्यावर घ्यायचा भाग चढावर येतो, आणि चढताना माणूस पडला तरी सहसा गुडघ्यावर पडतो. ही कल्पना मला आवडते, पण ऑक्टोबरसाठी नाही, कारण मग पठार नेमकं दुपारी पायाखाली येतं. डिसेंबर-जानेवारीत उलटा लूप चालेल. तेव्हा विजांची भीती फारशी नसते, फक्त ऊस हंगामात गगनबावडा रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि त्यांच्या मागून निघताना घाई करायची नसते. फेब्रुवारीपासून पुढं वाळल्या गवताला वणवे लागतात.

माझ्या मते खरा बदल एकच: मंदिराला वेळेचं फाटक लावायचं. साडेदहा. साडेदहाच्या आत शेवटचा माणूस मंदिराशी पोहोचला तर पुढं, नाहीतर सगळे मागं, तिथं मतं मागायची नाहीत. मत मागितलं की फौंड्रीवाल्यांसारखा माणूस मनाविरुद्ध हात वर करतो. ही वेळ आदल्या रात्री ठरवायची, कारण मंदिराशी उभं राहून ठरवणाऱ्याला लूपची ओढ असते. गटप्रमुखाला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, आभाळ स्वच्छ असेल तर साडेदहाचा नियम मूर्खपणाचा. त्या दिवशीही साडेदहाला आभाळ स्वच्छच होतं.

आणखी एक गोष्ट बैठकीत जवळजवळ सुटलीच होती, ताईंनी काढली. मसाई पठार आता संवर्धन राखीव, म्हणजे सरकारनं निसर्ग जपण्यासाठी जाहीर केलेलं क्षेत्र आहे. पावसाळ्यानंतर जांभ्यावरची पातळ माती ओली असते तोवर टायरचा चर त्यात उमटतो आणि त्यातून पाणी वाहून माती जाते. पुढच्या वर्षी तिथं गेंद येत नाही. वीज चुकवायला वाट सोडणं वेगळं, फोटोसाठी फुलांत सायकल घालणं वेगळं. पुढच्या खेपेपासून वन विभागाकडं आधी विचारणा करायची आणि पठारावर चाकोरी सोडायची नाही, असं ठरलं.

आता मार्ग कसा करतात

गटानं लूप टाकून दिला नाही. ऑक्टोबरमध्ये पन्हाळा ते मंदिर आणि परत एवढंच करतात. पूर्ण लूप दिवाळीनंतर, पाचांपेक्षा जास्त माणसं नाहीत, पस्तीस मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नाही, ओल्यात धरणारे डिस्क ब्रेक हवेत. उतरणीचा तुकडा काकांनी आणि गटप्रमुखानं आधी पायी जाऊन पाहिला आणि फाइलमधून पायी चालणाऱ्याची रेघ काढून टाकली. प्रत्येकाकडं कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, टायर शिवायला सुई-दोरा, आणि टेम्पोवाल्याचा नंबर कागदावर लिहिलेला. टेम्पोवाला राइडच्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाडीत थांबतो. त्याचं भाडं आगाऊ देतात, तो लागला नाही तरी.